घटक ४ : मानवी अस्तित्वाचे प्रयोजन – ख्रिस्ती विचार आणि मराठी साहित्य

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –

- 'प्रयोजन' आणि 'उपयोग' या दोन संकल्पनांमधील फरक स्पष्ट करता येईल.
- मानवी अस्तित्वाच्या प्रयोजनाविषयीची ख्रिस्ती भूमिका बायबलमधील आधारांसह सांगता येईल.
- ही भूमिका मराठीत मांडताना फादर स्टीफन्स, रेव्हरंड ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांनी काय केले, याचे विवेचन करता येईल.
- मुकुंदराज, दासोपंत व तुकाराम यांच्या विचारांशी या भूमिकेचे साम्य आणि भेद सांगता येतील.
- आपल्या परिसरातील श्रमजीवनाच्या संदर्भात या विचाराची चिकित्सा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठी ख्रिस्ती साहित्याचा ऐतिहासिक आढावा घेतला. प्रस्तुत घटकात त्या साहित्याच्या मुळाशी असलेल्या एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मनुष्य कशासाठी आहे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न मराठी वाङ्मयाला नवा नाही. परंपरेनुसार शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मध्ये रचला गेलेला मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ याच प्रश्नाभोवती उभा आहे. मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दाखवली जाते. त्यांच्या वास्तव्याच्या स्थळाबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी अंबाजोगाईच्या लोकस्मृतीत त्यांचे स्थान अढळ आहे. त्याच गावी पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात दासोपंतांनी प्रचंड ग्रंथरचना केली. म्हणजे मराठीत 'मी कोण आणि कशासाठी' हे विचारण्याची वाट बीड जिल्ह्यातून फार पूर्वीच गेलेली आहे. ख्रिस्ती विचार मराठीत आला तेव्हा त्याला ही वाट ओलांडूनच यावे लागले. म्हणून आपणही अंबाजोगाईचा संदर्भ जवळ ठेवून ख्रिस्ती उत्तर समजून घेऊ.

कोणत्याही धर्मश्रद्धेचा स्वीकार किंवा अव्हेर करणे हा या घटकाचा हेतू नाही. एक विचार नेमका काय म्हणतो, तो मराठीत कसा रुजला आणि प्रत्यक्ष जीवनाच्या कसोटीवर तो कितपत उतरतो, हे पाहणे हा हेतू आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ प्रयोजन आणि उपयोग

प्रथम दोन शब्दांतील फरक लक्षात घेऊ. लोहार कोयता घडवतो तेव्हा तो कशासाठी आहे हे त्याच्या मनात आधीच ठरलेले असते. कोयता कापण्यासाठी आहे. धार गेली, पाते मोडले की त्याचे काम संपते व तो भंगारात जातो. वस्तूच्या बाबतीत प्रयोजन आणि उपयोग हे एकच असतात.

मनुष्याचे तसे आहे काय? बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तोडणीच्या व्यवहारात पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हटले जाते. मुकादम किती कोयते आणणार, एका कोयत्याला किती उचल द्यायची, असा हिशेब होतो. हे बोलीतले एक सोयीचे मोजमाप आहे, हे खरे. तरी हत्याराचे नाव दोन माणसांना मिळते, तेव्हा प्रयोजन आणि उपयोग यांतील अंतर पुसले जाण्याचा धोका निर्माण होतो. आजारपणामुळे काम बुडाले तर 'खाडा' लागतो. म्हातारपणी हात चालेनासे झाले की हिशेबातून नावच जाते. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरत असेल, तर उपयोग संपल्यावर त्याच्या असण्याला कोणता अर्थ उरतो?

विसाव्या शतकातील फ्रेंच तत्त्वचिंतक ज्याँ-पॉल सार्त्र यांनी या प्रश्नाला निरीश्वरवादी उत्तर दिले. वस्तूचे प्रयोजन तिच्या आधी ठरते. मनुष्य मात्र आधी अस्तित्वात येतो आणि मग स्वतःच्या निवडीतून स्वतःला अर्थ देतो, असे त्यांचे म्हणणे. ख्रिस्ती विचार याच्या उलट टोकापासून निघतो. मनुष्याला निर्माता आहे आणि त्याचे प्रयोजन त्याच्या जन्माआधीचे आहे, असे तो मानतो. यावर लगेच शंका येते : मग मनुष्य हा देवाच्या हातातला कोयताच ठरत नाही काय? ख्रिस्ती धर्मशास्त्राचे उत्तर असे की देवाला कशाचीही उणीव नाही. त्यामुळे कुठलीही गरज भागवण्यासाठी त्याने मनुष्य निर्माण केलेला नाही. त्याने तो प्रेमातून आणि प्रेमासाठी निर्माण केला. ज्याच्यावर प्रेम करायचे त्याचा उपयोग विचारला जात नाही. मूल कशासाठी उपयोगी आहे, असे आई विचारीत नाही. प्रयोजन आणि उपयोग यांची ही फारकत ख्रिस्ती भूमिकेचा कणा आहे. पुढील सर्व विवेचन या एका मुद्द्यावर आधारलेले आहे.

४.२.२ बायबलमधील मांडणी

ख्रिस्ती उत्तराचे चार पैलू सांगता येतात.

(अ) देवाचे प्रतिरूप : 'उत्पत्ति' या पहिल्याच पुस्तकात देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचे असे घडवले, नर व नारी अशी ती निर्मिती होती, असे सांगितले आहे. प्राचीन पश्चिम आशियात राजाला देवाची प्रतिमा मानण्याची रीत होती. बायबलने तो मान राजापुरता न ठेवता मनुष्यमात्राला दिला. राजा व मजूर, स्त्री व पुरुष यांचे मूळ मोल येथे एकच ठरते. त्याच पुस्तकात मनुष्य मातीपासून घडवला गेला असेही वर्णन आहे. मातीचा असूनही देवाशी सदृश, अशी ही दुहेरी ओळख आहे. त्यामुळे मनुष्याला गर्व करायला जागा नाही आणि स्वतःला तुच्छ लेखायलाही नाही.

(आ) व्यर्थतेची जाणीव : 'उपदेशक' हे जुन्या करारातील पुस्तक धन, विद्या, सुख, कष्ट या सर्वांची झडती घेते आणि प्रत्येकाला व्यर्थ ठरवते. अर्थशून्यतेचा अनुभव धर्मग्रंथात इतक्या मोकळेपणाने नोंदवला जावा, ही लक्षणीय गोष्ट आहे. पुढे इ. स. ३५४ ते ४३० या काळात होऊन गेलेल्या संत ऑगस्टीन यांनी या अस्वस्थतेचा अर्थ लावला. मनुष्याचे अंतःकरण देवासाठी घडलेले असल्यामुळे ते देवाच्या ठायी विसावेपर्यंत शांत होत नाही, असे त्यांचे मत होते.

(इ) दुहेरी प्रीती : सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारल्यावर येशूने दोन आज्ञा जोडून सांगितल्या : देवावर संपूर्ण मनाने प्रीती करावी आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी. शेजारी कोण, याचे उत्तर 'लूक' या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात येते. ज्याला समाज परका मानतो, तोच तेथे खरा शेजारी ठरतो. मनुष्याच्या असण्याचे प्रयोजन म्हणून येथे 'संबंध' पुढे येतो. हा संबंध देवाशी आणि माणसांशी एकाच वेळी जोडलेला असतो.

(ई) कृपा : मनुष्य या संबंधापासून दूर गेला, यालाच 'पाप' म्हटले आहे. तो संबंध मनुष्याच्या कर्तबगारीने नव्हे, तर ख्रिस्ताच्या द्वारे देवाच्या कृपेने पुन्हा जुळतो, अशी श्रद्धा आहे. यालाच 'तारण' म्हणतात. प्रयोजन कमवावे लागत नाही, ते देणगी म्हणून मिळते. सत्कृत्ये ही त्या देणगीची किंमत नसून तिचे फळ असते.

१६४७ साली इंग्लंडमधील वेस्टमिन्स्टर येथे तयार झालेल्या प्रश्नोत्तररूप धर्मबोधाचा पहिलाच प्रश्न मनुष्याच्या मुख्य हेतूविषयी आहे. देवाचे गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्या सहवासाचा आनंद घेणे, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. या उत्तरातील 'आनंद' हा शब्द अनेकदा दुर्लक्षित राहतो. ख्रिस्ती विचारातील प्रयोजन हे केवळ कर्तव्य नाही, हे त्यावरून कळते.

४.२.३ अंबाजोगाई आणि राशोल : एक भाषा, दोन उत्तरे

इतिहासाने येथे एक विलक्षण समकालीनता घडवून आणली आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. इंग्लिश जेज्विट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचा काळ १५४९ ते १६१९. दासोपंत अंबाजोगाईत लिहीत होते तेव्हा १५७९ साली गोव्यात आलेले स्टीफन्स साष्टी भागात मराठी शिकत होते. दासोपंतांच्या निधनानंतर एका वर्षाने, १६१६ साली, राशोल येथे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. दोघांनीही ओवी हाच छंद वापरला.

दासोपंतांची 'पासोडी' प्रसिद्ध आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा विषय मांडला. पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो आणि त्या देहाहून आत्मा कसा वेगळा आहे, हे समजावणे हा त्या मांडणीचा उद्देश. 'विवेकसिंधु'तही गुरुशिष्यसंवादातून हाच विवेक सांगितला आहे. अद्वैताच्या या मांडणीत मनुष्याचे परम प्रयोजन म्हणजे आपले ब्रह्मस्वरूप ओळखणे. अज्ञान गेले की जीव आणि ब्रह्म यांतील भेद उरत नाही.

'क्रिस्तपुराणा'चे दोन भाग आहेत. 'पैलें पुराण' विश्वाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा सांगते व 'दुसरें पुराण' ख्रिस्तचरित्र सांगते. दोन्ही मिळून सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. येथेही देह मातीचा आहे. पण त्या मातीत प्राण फुंकणारा निर्माता आणि निर्माण झालेला मनुष्य यांच्यातील भेद कधीच मिटत नाही. अद्वैतात ज्ञानाने भेद नाहीसा होतो. ख्रिस्ती विचारात भेद कायम राहतो आणि त्या भेदावर प्रीती पूल बांधते. कारण प्रीतीला दोघे लागतात.

हे वेगळे उत्तर सांगण्यासाठी स्टीफन्स यांनी शब्द मात्र येथलेच घेतले. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द योजला आणि ग्रंथाला 'पुराण' म्हटले. जुन्या शब्दात नवा अर्थ भरताना जुना अर्थ पूर्णपणे निघून जात नाही. वैकुंठ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात विष्णुलोक उभा राहणारच. या ताणातूनच मराठी ख्रिस्ती परिभाषा घडली आहे.

याच ठिकाणी एका ऐतिहासिक वास्तवाची नोंद घेणे आवश्यक आहे. सोळाव्या शतकातील गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, आणि १५६० पासून तेथे इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय होते. नवख्रिस्ती लोकांचे जुने धर्मग्रंथ हिरावले गेले होते आणि 'क्रिस्तपुराणा'ची गरज त्या पोकळीतून निर्माण झाली. मनुष्य प्रीतीसाठी घडला आहे, हा विचार सत्तेच्या धाकाखाली सांगितला गेला, ही त्या काळातील मोठी विसंगती होय. ग्रंथाचे वाङ्मयीन मोल मान्य करताना ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – १

अ) 'प्रयोजन' आणि 'उपयोग' यांत ख्रिस्ती विचार कोणता फरक करतो?
आ) दासोपंतांच्या 'पासोडी'चा विषय कोणता?
इ) 'क्रिस्तपुराण' कोठे व कोणत्या साली छापले गेले?

४.२.४ ना. वा. टिळक : तुकारामांचा पूल

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती विचार पुन्हा मराठीत आला, तो वेगळ्या मार्गाने. बीड जिल्ह्याला लागून असलेले अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र होते. १८४२ साली तेथे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्यातील जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत उभारली. अहमदनगर व मराठवाडा या परिसरात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातील लोकांची संख्या मोठी होती. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला 'तू देवाच्या प्रतिरूपाचा आहेस' हे वाक्य ऐकायला मिळणे, ही केवळ धर्मशास्त्रीय घटना नव्हती.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे या परंपरेतील श्रेष्ठ कवी. रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती.

हा पूल नेमका कशाचा होता? वारकरी संतांनी मोक्षापेक्षा भक्तीला अधिक मानले. देवात विरून जाण्यापेक्षा देवाच्या समोर राहून त्याचे नाम घ्यावे, त्यासाठी पुन्हा जन्म आला तरी चालेल, ही तुकारामांची प्रसिद्ध भूमिका आहे. म्हणजे अस्तित्वातून सुटका होण्याहून देवाशी असलेला संबंध तेथे वरचढ ठरतो. मागील विभागात आपण पाहिले की ख्रिस्ती विचारही भेद राखून संबंधाला प्रयोजन मानतो. टिळकांना तुकारामांपासून ख्रिस्ताकडे जाताना भाषा बदलावी लागली नाही, याचे कारण येथे सापडते. 'अभंगांजली'त त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात गायली, ती उसन्या वेषातली वाटत नाही.

साम्याबरोबर भेदही पाहिला पाहिजे. वारकरी विचारात पुनर्जन्म गृहीत आहे. ख्रिस्ती विचारात मानवी जीवन एकदाच मिळते. त्यामुळे याच आयुष्यातील निवडींना आणि समोरच्या शेजाऱ्याला फार मोठे वजन येते. आणखी एक भेद म्हणजे ख्रिस्ती भक्ती एका विशिष्ट ऐतिहासिक व्यक्तीच्या दुःखभोगावर व पुनरुत्थानावर उभी आहे.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या सेवेतून बाजूला होऊन 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. मनुष्याचे प्रयोजन देवाशी नाते हेच असेल, तर ते नाते संस्थेच्या नोंदवहीहून मोठे आहे, या विचाराचा तो परिपाक म्हणता येईल. पुढे दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले आणि हा प्रयोग अपुरा राहिला.

४.२.५ लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई : विचाराचे आचरण

सिद्धान्त म्हणून सांगितलेले प्रयोजन आचरणात काय रूप घेते, हे दोन स्त्रियांच्या जीवनातून स्पष्ट होते.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. पतीने धर्मांतर केल्यावर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. सोवळे-ओवळे त्यांच्या अंगी पुरते मुरलेले होते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कुणाचा ग्रंथ न वाचता स्वतःच्या मनाशी सोडवला. देवाने माणूस केला आणि भेद माणसाने केले, या निष्कर्षाला त्या पोहोचल्या आणि त्यानंतर कुणाच्याही हातचे पाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'देवाचे प्रतिरूप' ही संज्ञा धर्मशास्त्राच्या ग्रंथात अमूर्त वाटते. लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात ती पाण्याच्या तांब्यापर्यंत येऊन पोहोचते. पुढे दुष्काळ आणि प्लेग यांच्या काळात त्यांनी केलेली सेवाही याच जाणिवेतून आली. टिळकांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनीच पूर्ण केले.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्याजवळील केडगाव येथे त्यांच्यासाठी 'मुक्ती सदन' उभे राहिले. विधवा स्त्रीचे प्रयोजन पतीबरोबर संपले, असे मानणाऱ्या समाजात रमाबाईंनी तिला अक्षरे, शेती, विणकाम व छपाई शिकवली. अंध मुलींसाठीही तेथे शिक्षणाची सोय होती. ज्यांचा समाजाला कसलाच 'उपयोग' उरला नव्हता, त्यांच्या असण्याला अर्थ आहे, हे रमाबाईंनी संस्था उभारून दाखवले. संस्थेच्या नावातला 'मुक्ती' हा शब्दही अभ्यासण्याजोगा आहे. संसारातून सुटका हा त्याचा रूढ अर्थ येथे बदलतो आणि माणूस म्हणून उभे राहणे, असा नवा अर्थ त्याला मिळतो. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीचा त्यांनी त्यात आग्रह धरला.

४.२.६ कसोटी आणि आक्षेप

आता पुन्हा उसाच्या फडाकडे येऊ. 'मत्तय' या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आहे. मळ्याचा धनी पहाटे काही मजूर ठरवतो. नंतर दिवसभरात आणखी काहींना बोलावतो. दिवस मावळण्याच्या एक तास आधी नाक्यावर उभे असलेल्यांनाही तो कामावर घेतो. 'तुम्ही रिकामे का उभे आहात' असे तो विचारतो, तेव्हा कुणी कामावर लावले नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी धनी सर्वांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात.

हा दाखला मजुरीच्या दराविषयी नाही. तो देवाच्या कृपेविषयी आहे, असा पारंपरिक अर्थ लावला जातो आणि तो योग्य आहे. तरी त्याची उपमा मजुरीची आहे, हे विसरता येत नाही. शेवटच्या तासाला आलेल्याच्या घरीही चूल पेटायची असते. धन्याने कामाचे तास मोजले नाहीत, माणूस मोजला. ज्या व्यवहारात आजारी दिवसाचा खाडा कापला जातो, त्या व्यवहारापुढे हा दाखला उभा केला की ख्रिस्ती प्रयोजनविचाराची धार लक्षात येते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. गरिबी, अपुऱ्या आरोग्यसेवा, लहान वयातील लग्ने अशी त्याची अनेक कारणे चर्चिली गेली. काम बुडू नये म्हणून शरीराचा अवयवच अडचण वाटू लागावा, ही स्थिती म्हणजे प्रयोजनाची जागा उपयोगाने पूर्णतः घेतल्याचे लक्षण आहे.

मात्र या विचारावर काही गंभीर आक्षेपही आहेत.

पहिला आक्षेप : सर्व काही देवाच्या योजनेत आहे असे सांगून दुःख सोसायला शिकवले जाते, त्यामुळे अन्याय टिकून राहतो. इतिहासात असे घडले आहे. तथापि बायबलमध्येच याचा प्रतिवाद सापडतो. जन्मांध माणसाला पाहून, हे कुणाच्या पापाचे फळ, असे शिष्यांनी विचारले. येशूने ती कारणमीमांसा नाकारली आणि त्या माणसाला दृष्टी दिली. दुःखाचा दोष दुःखिताच्या माथी मारणे येथे अमान्य केले आहे.

दुसरा आक्षेप : प्रतिरूपाचा सिद्धान्त समतेचा असला, तरी भारतीय चर्चमध्ये जातिभेद टिकून राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही टीका स्पष्टपणे केली होती. १९५६ साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या धम्मविचारात ईश्वराला स्थान नाही. माणसाचे माणसाशी असलेले न्याय्य नाते हाच धम्माचा गाभा आहे. शेजाऱ्यावरील प्रीतीला देवाचा आधार आवश्यक आहे काय, हा प्रश्न येथे उभा राहतो. ख्रिस्ती विचारवंताचे उत्तर असे असेल : माणसाचे मोल माणसांनीच ठरवायचे झाले, तर बलवानाने ते काढून घेण्याची भीती राहते, ते देवाने दिलेले असेल, तर कुणालाही काढून घेता येत नाही. यावर बौद्ध किंवा निरीश्वरवादी वाचक म्हणेल की देवाने दिलेले मोलही व्यवहारात माणसांनीच राखावे लागते. हा वाद मिटलेला नाही, आणि विद्यार्थ्याने दोन्ही बाजू नीट समजून घेणे हेच येथे महत्त्वाचे.

तिसरा आक्षेप : मनुष्याला सृष्टीवर सत्ता दिली, या 'उत्पत्ति'तील विधानाने निसर्गाच्या लुटीला मोकळीक मिळाली. सततच्या अवर्षणाचा अनुभव असलेल्या प्रदेशात हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. त्याच पुस्तकात मनुष्याला बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले, असेही म्हटले आहे. म्हणून अलीकडचे अभ्यासक 'सत्ता' या शब्दाचा अर्थ राखणदारी असा लावतात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – २

अ) टिळकांनी तुकारामांना 'पूल' मानण्याचे वैचारिक कारण कोणते?
आ) 'मुक्ती' या शब्दाला रमाबाईंच्या कार्यामुळे कोणता अर्थ मिळाला?
इ) द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धन्याच्या वागण्यातून काय सूचित होते?

४.३ सारांश

ख्रिस्ती विचारानुसार मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा असून देवावर व शेजाऱ्यावर प्रीती करणे हे त्याच्या अस्तित्वाचे प्रयोजन आहे. हे प्रयोजन देणगी म्हणून मिळते, त्यामुळे मनुष्याचे मोल त्याच्या उपयोगावर अवलंबून राहत नाही. मुकुंदराज व दासोपंत यांच्या मांडणीत ज्ञानाने भेद मिटतो. ख्रिस्ती मांडणीत भेद राखून प्रीती साधली जाते. वारकरी भक्तीत हीच ओढ असल्यामुळे टिळकांना ख्रिस्तभक्ती अभंगात गाता आली. स्टीफन्स यांनी या विचाराला मराठी शब्द दिले, लक्ष्मीबाई व रमाबाई यांनी त्याला आचरण दिले. सत्तेचा आधार, चर्चमधील जातिभेद आणि सोशिकतेचा उपदेश या बाबतींत मात्र विचार आणि व्यवहार यांत अंतर राहिले. श्रम करणाऱ्या माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी तपासण्यासाठी हा विचार आजही उपयुक्त ठरतो.

४.४ शब्दार्थ व संज्ञा

- प्रतिरूप : सदृश रूप, देवाशी असलेले मनुष्याचे साम्य.
- तारण : पापापासून सुटका होऊन देवाशी नाते पुन्हा जुळणे.
- कृपा : पात्रता न पाहता देवाने केलेला अनुग्रह.
- शुभवर्तमान : ख्रिस्ताचे जीवन व शिकवण सांगणारे नव्या करारातील पुस्तक.
- पंचीकरण : पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी व देह घडण्याची प्रक्रिया.
- उचल : तोडणीआधी मुकादमाकडून मजुराला मिळणारी आगाऊ रक्कम.

४.५ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) वस्तूचे प्रयोजन तिच्या उपयोगात संपते, मनुष्य प्रेमासाठी निर्माण झालेला असल्याने उपयोग संपला तरी त्याचे मोल संपत नाही. आ) पंचीकरण. इ) राशोल येथे, १६१६ साली.

प्रश्न २ : अ) मोक्षापेक्षा देवाशी असलेल्या प्रेमसंबंधाला दोन्हीकडे अधिक महत्त्व आहे. आ) माणूस म्हणून स्वावलंबनाने उभे राहणे. इ) कृपा कामाच्या मापाने मिळत नाही, धनी माणसाची गरज पाहतो.

४.६ स्वाध्याय

१) 'मुकुंदराज-दासोपंत यांची अद्वैतदृष्टी व फादर स्टीफन्स यांची ख्रिस्ती दृष्टी' या विषयावर तौलनिक निबंध लिहा.
२) 'स्मृतिचित्रे' वाचून लक्ष्मीबाईंच्या जातिविषयक विचारांत झालेला बदल आपल्या शब्दांत मांडा.
३) ख्रिस्ती प्रयोजनविचारावरील कोणत्याही दोन आक्षेपांची चिकित्सा करा.
४) टिपा लिहा : (अ) देवाचा दरबार (आ) मुक्ती सदन (इ) 'उपदेशक' या पुस्तकातील व्यर्थतेचा विचार.

४.७ क्षेत्रीय कार्य

१) अंबाजोगाई येथील मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधिस्थळांना भेट देऊन त्यांच्याविषयीच्या लोककथा नोंदवा.
२) तोडणीहून गावी परतलेल्या वयोवृद्ध कामगारांशी त्यांच्या संमतीने संवाद साधा. 'काम थांबल्यावर घरात व गावात आपले स्थान काय राहिले' या प्रश्नाची त्यांनी दिलेली उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या आणि या घटकातील 'प्रयोजन' व 'उपयोग' या संकल्पनांच्या आधारे त्यांचे विवेचन करा. त्यांची नावे अहवालात देऊ नयेत.